सेमाडोहचं भांडवल

ताडोब्याला जाणारा पाहुणा वाघ पाहायला जातो आणि बहुतेक वेळा पाहूनच परततो. मेळघाटातल्या सेमाडोहला तसं होत नाही. मेळघाट म्हणजे डोंगर, दऱ्या आणि दाट साग. कोअर आणि बफर मिळून सत्तावीसशे चौरस किलोमीटरहून मोठं हे रान. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातलं हे एकटंच होतं. वाघ इथे आहेत, पण ते रस्त्यावर येऊन बसत नाहीत. परतवाड्याहून घाट चढून, घटांग मागे टाकून माणूस सेमाडोहला पोचतो, पहाटे थंडीत कुडकुडत जिप्सीत बसतो, चार तास फिरतो आणि पुष्कळदा वाघ न पाहता उतरतो.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. ज्या मालाची जाहिरात केली तो माल देण्याची हमी नाही. तरीही गिऱ्हाईक समाधानानं परत जावं, चार जणांना सांगावं आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावं, असं वाटत असेल तर त्याला चार तासांत दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ते देणारा माणूस जिप्सीत ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला असतो. ताडोब्यात सफारी वाघ विकतो. सेमाडोहला ती गाइड विकतो.

माझी सगळी नोकरी अकोल्याच्या एमआयडीसीत पर्सनल खात्यात गेली. भरती, हजेरी, पगारपत्रक, युनियनशी वाटाघाटी, ग्रॅच्युइटीचे कागद. पुढे त्याच खात्याच्या दारावर एचआरची पाटी लागली, पण टेबल तेच राहिलं. निवृत्तीनंतर परतवाड्याला घर केलं. आता पावसाळ्यात सफारी बंद असते तेव्हा सेमाडोहच्या पोरांना शिकवायला जातो. पाहुण्याशी बोलणं, हिशेब ठेवणं, बँकेचा फॉर्म, कामापुरतं इंग्रजी. शिकवता शिकवता लक्षात आलं, की ‘मनुष्यबळ हे धंद्याचं खरं भांडवल’ हे वाक्य मी कारखान्याच्या वार्षिक अहवालात दर वर्षी वाचत होतो, पण त्याचा अर्थ या जंगलात जितका उघडा दिसतो तितका कारखान्यात कधी दिसला नव्हता. तिथे यंत्रं असतात. यंत्राचा आवाज इतका मोठा असतो, की माल माणूस काढतो हे विसरायला होतं.

एका सकाळी मी नागपूरच्या एका कुटुंबाबरोबर जिप्सीत होतो. वाघाचा पत्ता नव्हता, मुलं कंटाळली होती. गाइड कोरकू, पंचविशीतला. त्यानं गाडी थांबवायला सांगितलं आणि पानगळीनं उघड्या पडलेल्या सागाच्या फांदीकडे बोट दाखवलं. मूठभर आकाराचं एक घुबड भर उजेडात बसलं होतं. तो म्हणाला, “याच्या डोक्यावर ठिपके नाहीत, पाहा. ठिपके असले तर साधा पिंगळा. हा रानपिंगळा हाय.” मग त्यानं सांगितलं, की हा पक्षी शंभर वर्षांहून जास्त काळ कुणाला दिसलाच नव्हता, संपला असंच सगळे धरून चालले होते. खरं आहे ते. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो खानदेशात शहाद्याजवळ दिसला आणि पक्षिशास्त्रात खळबळ उडाली. पुढे मेळघाटातही तो सापडला, आणि आज तो पाहण्यासाठी देशोदेशीचे पक्षिनिरीक्षक इकडे येतात. मुलांचा कंटाळा पळाला. दुर्बिणीसाठी भांडण सुरू झालं. पुढे त्यानं अर्जुनाच्या पांढऱ्या खोडावर मधासाठी वर चढलेल्या अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले आणि ते या वर्षीचे की जुने हे कशावरून ओळखायचं तेही सांगितलं.

उतरल्यावर मी त्याला विचारलं, तो पिंगळा तिथेच असेल हे तुला कसं माहीत? तो म्हणाला, “लहानपणी याच प्लॉटात ढोरं चारत होतो, सर. त्याची जागा ठरेल असते.” म्हणजे पोराचं प्रशिक्षण गाइडचा बिल्ला मिळण्याच्या पंधरा वर्षं आधीच सुरू झालं होतं, आणि त्याचा खर्च कुठल्याही खात्यानं केलेला नव्हता.

जे बार्नी नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी 1991 साली एक लेख लिहिला, तो व्यवस्थापन शिकणाऱ्या प्रत्येकाला आजही वाचावा लागतो. त्यांचा प्रश्न साधा होता. एकाच धंद्यातली एक कंपनी वर्षानुवर्षं पुढे राहते आणि दुसरी मागे पडते, ती का? त्यांचं उत्तर असं, की पुढे राहणाऱ्याकडे असं काहीतरी असतं जे कामाचं असतं, दुर्मिळ असतं, ज्याची नक्कल सहज होत नाही आणि ज्याच्या जागी दुसरं काही चालत नाही. या चार कसोट्या सेमाडोहला लावून बघा. जिप्सी? पैसे असले की कोणीही घेतो. राहायला खोल्या, तंबू? उद्या शेजारी दुसरा बांधेल. ऑनलाइन बुकिंग तर सगळ्याच जंगलांना आहे. सिपना नदी आणि डोंगर सुंदर आहेत, पण सातपुड्यात सुंदर डोंगरांना तोटा नाही. चारही कसोट्यांना उतरतं ते फक्त त्या पोराच्या डोक्यातलं रान. ते पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये सहा महिन्यांचा कोर्स करून येत नाही.

आणि इथेच एक मोठी गोम आहे. ती मला कारखान्यात कळली होती, पण सेमाडोहला तिचं पूर्ण रूप दिसलं.

गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी 1964 च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात कौशल्याचे दोन प्रकार मांडले. एक, कुठेही चालणारं. ड्रायव्हिंग, टायपिंग, वेल्डिंग. दुसरं, फक्त त्याच जागी चालणारं. या कारखान्यातलं हे जुनं यंत्र कसं सांभाळायचं, या गिऱ्हाइकाचा स्वभाव कसा आहे. पहिल्या प्रकारचं कौशल्य असलेला माणूस कुठेही जाऊ शकतो, म्हणून मालक त्याला धरून असतो. सेमाडोहचा जिप्सी ड्रायव्हर नाराज झाला तर अमरावतीत स्कूलबस चालवेल. गाइडचं तसं नाही. रानपिंगळ्याची फांदी, रानगव्यांचा पाणवठा, कोणत्या नाल्यात कोणत्या महिन्यात अस्वल उतरतं, हे ज्ञान मेळघाटाबाहेर पडलं की त्याची किंमत शून्य. त्यामुळे मालकाला वाटतं, हा कुठे जाणार?

पण तो जातो. पावसाळ्यात कमाई थांबली, घरी कर्ज झालं, की तो परतवाड्याच्या वीटभट्टीवर जातो, अकोल्याकडे सोयाबीन सोंगायला जातो, पुण्याला बिगाऱ्याचं काम धरतो. आणि तिथे तो कोण असतो? एक अकुशल मजूर. ज्याच्याकडे जगातल्या दुर्मिळ पक्ष्याचा पत्ता आहे तो माणूस डोक्यावर विटा वाहतो. इथल्या धंद्याचं नुकसान झालं, तिथे त्याचा कुणाला काही फायदा नाही, आणि त्याचं स्वतःचं तर सगळंच गेलं. माणूस गमावण्याचा याहून तोट्याचा सौदा मी दुसरा पाहिला नाही.

अकोला ही डाळ मिलांची नगरी. नोकरीच्या सुरुवातीला मी अशाच एका मिलमध्ये होतो. तिथे एक मेस्तरी होते, साठीच्या आसपासचे. तुरीची डाळ करायची तर तुरीला आधी रोलरवर ओरखडे पाडतात, तेल-पाणी लावतात, ढिगात मुरवतात, वाळवतात आणि मग भरडतात. मुरण्याची आणि वाळण्याची नेमकी वेळ साधली तर साल सुटते आणि डाळ अखंड निघते. चुकली तर खंडा आणि चुरी वाढते, म्हणजे सोन्याचा माल मातीच्या भावात जातो. मेस्तरी मूठभर तूर हातात घ्यायचे, एक दाणा दाढेखाली फोडायचे, आवाज ऐकायचे आणि सांगायचे, “अजून एक ऊन.” लातूरची तूर वेगळी, बुलढाण्याची वेगळी, ओलीत केलेली वेगळी. हे सगळं त्यांच्या दाढेत होतं.

मुलीच्या लग्नासाठी त्यांनी उचल मागितली. रक्कम मोठी नव्हती. शेठजींनी हात आखडता घेतला. एकाला दिली तर सगळे मागतील, हे त्यांचं नेहमीचं कारण. मेस्तरी काही बोलले नाहीत. दसऱ्याला कामावर आले नाहीत. त्या हंगामात नव्या माणसाच्या हाताखाली मिलमध्ये खंड्याची पोती रोज वाढत गेली आणि जुने व्यापारी भाव पाडून मागू लागले. उचलीच्या कितीतरी पट नुकसान झालं. पण ताळेबंदात हे कुठेच दिसलं नाही. रोलर झिजला तर घसाऱ्याची नोंद होते. मेस्तरी गेले त्याची नोंद फक्त माझ्या हजेरीपटावर, लाल शाईच्या एका रेघेनं झाली.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. हेन्री फोर्डच्या डेट्रॉइटच्या कारखान्यात 1913 साली कामगार सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला 370 टक्के होतं. साधारण 14,000 माणसं कामावर टिकवण्यासाठी वर्षभरात 50,000 हून जास्त भरती करावी लागली. सरकत्या पट्ट्यामुळे काम इतकं यांत्रिक झालं होतं, की माणसं टिकतच नव्हती. जानेवारी 1914 मध्ये फोर्डनं दिवसाला पाच डॉलर मिळतील असं जाहीर केलं. त्या काळच्या मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. पैसे देताना त्यानं अटीही घातल्या, कामगारांच्या घरात डोकावणारे निरीक्षक नेमले, हे विसरता येत नाही. पण गळती थांबली, उत्पादन वाढलं आणि गाडीची किंमत पुढेही उतरतच राहिली. मजुरी वाढवून माल स्वस्त होतो, हे अनेक कारखानदारांना तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही पुष्कळांना पटत नाही.

सेमाडोहहून धारणीच्या रस्त्यानं पुढे गेलं की कोलकास लागतं. वनखात्याचं विश्रामगृह, खाली सिपनेचं वळण, आणि खात्याचे हत्ती. पाहुण्यांना इथे हत्तीवरून फिरवतात. हत्तीमागे दोन माणसं असतात. एक माहूत आणि दुसरा चाराकटर. चाराकटर चारा तोडतो, हत्तीला नदीवर नेतो, घासून आंघोळ घालतो. वरवर पाहता हे हलकं काम. पण हत्ती त्या माणसाचा वास, आवाज, चालणं ओळखू लागतो ते याच काळात. वर्षानुवर्षं चारा तोडूनच माणूस माहूत होतो. ऑर्डर काढून माहुताची बदली करता येईल, पण हत्तीनं नव्या माणसाचं ऐकावं अशी ऑर्डर काढता येत नाही. मोठमोठ्या कंपन्या आज वारसदार घडवण्याच्या योजनांसाठी सल्लागारांना लाखो रुपये मोजतात. कोलकासला ती योजना कुणी कागदावर न लिहिता चालत आली आहे, कारण हत्तीसमोर दुसरा इलाजच नाही.

दर वर्षी थंडीत, जानेवारीच्या सुमाराला, या हत्तींना कामातून सुटी मिळते. तिला चोपिंग म्हणतात. वनौषधींचा काढा उकळून, तो सोसवेल इतका गरम करून पायांना शेक देतात, पायांच्या भेगा भरतात, तपासणी होते. त्या काळात हत्ती सफारी बंद असते, पाहुण्यांना तसं आधीच कळवलेलं असतं आणि कोणी तक्रार करत नाही. वर्षभर वजन वाहणाऱ्या पायांची वर्षातून एकदा डागडुजी झालीच पाहिजे, हे सगळ्यांना मान्य आहे. ही पद्धत मला फार आवडते. माझं म्हणणं इतकंच आहे, की हत्तीच्या पायाला जो न्याय लागू आहे तो माहुताच्या गुडघ्याला, गाइडच्या पावसाळ्याला आणि संरक्षण कुटीत महिनोन्‌महिने राहणाऱ्या वनरक्षकाच्या संसारालाही लागू व्हावा. त्यांच्या डागडुजीचं वेळापत्रक कुठे आहे?

वेळापत्रकाचंच निघालं म्हणून होळीचं सांगतो. महाराष्ट्रात जंगलाच्या आगीचा हंगाम धरतात तो 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी जाळरेषा साफ करायच्या असतात. मार्चमध्ये मोहाची फुलं पडायला लागतात, आणि फुलं नीट वेचता यावीत म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवला की वाऱ्यानं ती आग डोंगरभर पसरते. म्हणजे मार्चमध्ये खात्याला माणसं सगळ्यात जास्त लागतात. आणि मार्चमध्येच होळी येते. होळी हा कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडलेली कुटुंबं कुठेही असली तरी होळीला गावी परततातच. पाच दिवस नाच, गाणी, फगवा, मग मेघनाथाची जत्रा. त्या दिवसांत कुणी कामावर येईल ही अपेक्षा ठेवणं म्हणजे माणसं न ओळखणं आहे.

माझ्या ओळखीच्या एका वनपालांनी यावर फार सुंदर उपाय केला होता. होळीच्या महिनाभर आधी ते गावोगाव जाऊन बसले आणि विचारलं, कोणाच्या गावची मेघनाथाची जत्रा कधी? जत्रा वेगवेगळ्या दिवशी असतात. त्या तारखांवरून त्यांनी आगीच्या पाळ्या लावल्या. ज्याची जत्रा आज, तो आज घरी. ज्याची चार दिवसांनी, तो आज ड्यूटीवर. शिवाय सण असल्यानं पोरं गावात होतीच. आग दिसली की ढोलाच्या जागेवरूनच पाच-दहा जण उठून गेले. त्यांच्या शेजारच्या बीटात मात्र ‘रजा मंजूर नाही’ असा कागद लागला होता. तिथे कागद राहिला आणि माणसं गेली. खात्याकडे पालापाचोळा उडवायचे ब्लोअर आले आहेत, उपग्रहावरून आगीचा इशारा मोबाइलवर येतो. दोन्ही चांगलंच आहे. पण इशारा आल्यावर कोणत्या दरीतून वर चढायचं आणि वारा फिरला तर कुठून उतरायचं, हे मोबाइल सांगत नाही.

धारणीच्या त्याच रस्त्यावर, कोलकासच्या पुढे हरिसाल आहे. तिथल्या वनक्षेत्रपाल दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 रोजी सरकारी निवासस्थानी आत्महत्या केली. वरिष्ठांकडून होणाऱ्या त्रासाविषयी त्यांनी पत्रं लिहून ठेवली होती. दोषादोषाचा निवाडा न्यायालयाचं काम, त्यात मी पडत नाही. पण जन्मभर पर्सनल खात्यात काम केलेला माणूस म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. दुर्गम जागी, बंदूकधारी शिकाऱ्यांच्या आणि लाकूडचोरांच्या मुलखात एका तरुण अधिकारी बाईला नेमलं, की तिची तक्रार ऐकणारा माणूस तिच्या साखळीबाहेरचा असायलाच हवा. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं आहे त्याच्याच सहीनं अर्ज वर जात असेल, तर ती तक्रारपेटी नव्हे. पगार, भत्ते, बढती यांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. ऐकून घेण्याच्या व्यवस्थेवर कोणी बोलत नाही, आणि सगळ्यात मोलाची माणसं तिथेच गमावली जातात.

मेळघाटात याच्या उलटंही घडलं आहे, ते सांगितलंच पाहिजे.

धारणी तालुक्यात लवादा नावाचं गाव आहे. तिथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्यानं नव्वदच्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. मेळघाटात बांबूला तोटा नाही, पण कोरकू हे परंपरेनं बांबूचे कारागीर नव्हेत, ते काम बुरुडांचं. त्यामुळे सुरुवात शिकवण्यापासून झाली. कोणता बांबू तोडायचा, त्याच्या कामट्या कशा काढायच्या, भुंगा लागू नये म्हणून काय करायचं. कोवळा बांबू तोडला तर वस्तू पुढे आकसते आणि पोखरली जाते, हे हातांना कळायला वेळ लागतो. तो वेळ त्यांनी दिला. पुढे फर्निचर झालं, बांबूची घरं झाली, राख्या झाल्या. त्या राख्या देशभर आणि परदेशातही जातात. मे 2021 मध्ये सुनीलजी कोरोनानं गेले. एका माणसाच्या धडपडीवर उभ्या राहिलेल्या कितीतरी संस्था त्या माणसाबरोबर संपलेल्या मी पाहिल्या आहेत. लवाद्याचं काम थांबलं नाही. निरुपमाताई होत्याच, आणि कसब एका डोक्यात न राहता आधीच पुष्कळ हातांत पोचलं होतं. धंद्याचा विमा म्हणतात तो हाच.

दुसरं उदाहरण अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरचं. 2012 साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे 193 हेक्टर. ओसाड, कुऱ्हाड लागलेलं रान. गावानं रोपं लावली, पाणी अडवलं, चराईचे नियम स्वतः केले आणि पाळले. मग सीताफळं धरली. फळ उतरवणं, प्रतवारी, खोक्यात भरणं हे सगळं गावातच शिकून घेतलं आणि माल स्वतःच्या ब्रँडखाली मुंबईच्या बाजारापर्यंत नेला. हीच माणसं आधी मजुरीसाठी गाव सोडून जात होती. त्यांची अंगमेहनत तीच होती, अक्कलही तीच होती. निर्णय त्यांच्या हातात आला तेवढाच फरक, आणि तो सगळ्यात मोठा.

पश्चिम महाराष्ट्रात हा धडा शंभर वर्षांपूर्वी गिरवून झालेला आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा तिथे तयार कारागीर कुठून असणार? शिकता शिकता काम आणि काम करता करता शिकणं, असंच ते गाव उभं राहिलं. ज्यांना बाहेर कुणी उभं केलं नसतं अशा माणसांवर लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला. किर्लोस्करवाडीचे नांगर आपण आठवतो, पण ते बनवणारी माणसं आधी बनवावी लागली हे विसरतो. वऱ्हाडात आपण कापूस पिकवला, जिनिंग काढलं, तेलगिरण्या आणि डाळ मिला काढल्या. माणूस बनवायच्या कामात मात्र हात फारसा सैल सोडला नाही. हे मी माझ्या मुलखाबद्दल दुःखानं लिहितो आहे.

सेमाडोहकडे परत येतो, कारण तिथे आत्ता एक साधा हिशेब पडून आहे. समजा एका गेटवर तीस गाइड आहेत. पावसाळ्याचे तीन महिने सफारी बंद. प्रत्येकाला महिना सहा हजार रुपये राखीव मानधन द्यायचं म्हटलं, तर लागतात 5 लाख 40 हजार. हंगामात एकेका गाइडच्या दोनशे फेऱ्या धरल्या, तर तिसांच्या मिळून सहा हजार फेऱ्या. म्हणजे एका फेरीमागे नव्वद रुपये. नागपूर-मुंबईहून येणारं कुटुंब एका मुक्कामावर हजारोंनी खर्च करतं. त्यात नव्वद रुपये जास्त द्यायला कोणी नाही म्हणेल, असं मला वाटत नाही. त्या तीन महिन्यांत गाइड घरी झोपून राहणार नाही. शेतीची पेरणी उरकली की पक्षी, फुलपाखरं, कंद, रानभाज्या यांच्या नोंदी करेल, नव्या पोरांना शिकवेल, आणि वीटभट्टीच्या मुकादमाची उचल घेणार नाही. उचल घेतली नाही म्हणजे ऑक्टोबरात तो गेटवर हजर असेल. माझ्या मते सगळी नीती या एका वाक्यात आहे.

हा हिशेब मी पोरांसमोर फळ्यावर मांडला, तेव्हा पैशांवर कुणी फार बोललं नाही. एक जण उठला आणि म्हणाला, “सर, पैसे येतील तेव्हा येतील. पण मी दहा वर्षांपासून फिरवून राह्यलो, अन्‌ काल आलेल्या पोराले आणि मले एकच रेट, एकच पाळी. मग मी नवीन कायले शिकू?” बऱ्याच गेटांवर गाइड पाळीनं जातात, ज्याचा नंबर, त्याची गाडी. भांडणं होऊ नयेत म्हणून ही पद्धत ठीक आहे, आणि मी ती मोडा म्हणणार नाही. पण तिच्यात जाणकाराला आणि नवख्याला एकाच मापानं मोजलं जातं, आणि शिकण्याची ओढ हळूहळू मरते. मेस्तरींच्या उचलीइतकाच हा प्रश्न खरा आहे.

त्याच दुपारी आम्ही तीन पायऱ्यांचा एक तक्ता केला. पहिल्या पायरीवर नवा गाइड. वाटा, नियम, सुरक्षितता. दुसऱ्या पायरीवर पक्षी, झाडं, पाऊलखुणा आणि दोन भाषांत नीट बोलणं. तिसऱ्या पायरीवर जो इतरांना शिकवू शकतो तो, आणि पक्षिनिरीक्षकांच्या खास फेऱ्या त्याला, वेगळ्या दरानं. पाळी तशीच राहील, दर पायरीप्रमाणे. पोरांना ते पटलं. घोडं अडलं ते तिसऱ्या पायरीची परीक्षा कोणी घ्यायची यावर. एक मत असं, की अमरावतीहून कॉलेजचे प्राध्यापक बोलवावेत. माझं मत वेगळं आहे. प्राध्यापक जरूर यावेत, पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर गावातला एखादा म्हातारा गुराखी बसवावा, ज्यानं चाळीस पावसाळे या रानात काढले आहेत, आणि परीक्षकाचं जे मानधन प्राध्यापकाला, तेच त्यालाही द्यावं. पुढची बैठक पोळ्यानंतर आहे. तोवर अशा म्हाताऱ्यांची नावं काढायचं काम मी त्या उठून बोललेल्या पोराकडेच दिलं आहे.